त्र्याण्णवनंतरची तीस सेकंदं

"त्र्याण्णव," बाबा म्हणाले आणि थांबले.

शंभरातून सात वजा करा, आलेल्यातून पुन्हा सात, मी थांबवेपर्यंत करत राहा, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. डॉक्टर म्हणजे माझी विद्यार्थिनी शोभेल अशी एक तरुण बाई. आवाज मऊ, समोर छापील कागद, हातात पेन. बाबा त्यांच्याकडे बघत होते. आज मागे वळून पाहताना वाटतं की त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ नव्हताच. आपलं झालं, आता तुमचं, असं म्हणणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. पण तेव्हा मला एवढंच दिसलं की ते थांबलेत आणि त्यांना पुढचं येत नाहीये. मला शहाऐंशी येत होतं, भिंतीवरच्या पंख्यालाही येत असावं, आणि खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं मोजणीचं काम केलेल्या माझ्या बापाला ते येत नव्हतं. डॉक्टर थांबल्या. मी सवयीने सेकंद मोजू लागले. बरोबर तिसाव्या सेकंदाला त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला वाकून बघावं लागलं नाही. गेलं दीड वर्ष मी स्वतः अशीच पोरांसमोर बसते, तीस सेकंद थांबते आणि त्यांच्या नावापुढे लिहिते, 'अपूर्ण'. त्या खोलीत टेबलाच्या त्या बाजूला मी बसलेय आणि या बाजूलाही मीच, असं काहीतरी झालं आणि मला एकदम उकडायला लागलं.

माझं काम सांगितलं की लोक थोडे मागे सरकतात. कर्वेनगरच्या एका कॉलेजात मी होणाऱ्या शिक्षकांना गणित कसं शिकवावं ते शिकवते, आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पीएचडी करते. विषय, मुलं वजाबाकी कशी शिकतात. चाळीस मुलं, चाळीस कॅसेटी. प्रत्येक मुलाला एकट्याला शाळेच्या एखाद्या रिकाम्या खोलीत बसवायचं, उदाहरण द्यायचं, टेपरेकॉर्डर चालू करायचा. नियम मीच लिहिलेत, टाईप करून मीच भिंतीला लावलेत: मुलाने काहीही उत्तर दिले तरी होकार, नकार, हुंकार देऊ नये, तीस सेकंद थांबावे, मूल पुढे न गेल्यास 'अपूर्ण' अशी नोंद करावी. प्रबंधाचं दुसरं प्रकरण तेवढं अडलंय. त्याचं नाव 'सैद्धांतिक दृष्टिकोन', आणि माझ्या गाईड मॅडमनी ते तीनदा परत केलंय. मॅडम टिळक रोडच्या, त्यांच्या बोलण्यात साखर कमी. "दृष्टिकोन म्हणजे चष्मा," त्या म्हणतात. "एक तर म्हण, शिकणं मुलाच्या डोक्यात घडतं, ते स्वतः रचत जातं, आणि आपण बाहेरून फक्त अंदाज घ्यायचा. नाही तर म्हण, शिकणं चार माणसांत घडतं, मूल हळूहळू त्यांच्यातलं एक होतं. कुठलाही घाल. पण दोन चष्मे एकावर एक घालून मिरवू नकोस, लोक हसतील." मी पहिला घातला होता. तो स्वस्त पडतो. एक मूल, एक डोकं, एक कॅसेट.

आम्ही दवाखान्यात आलो होतो त्याचं कारण रक्तदाबाच्या गोळ्या. आई जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. बाबा खडकी बाजारामागच्या दोन खोल्यांत एकटे राहत होते आणि मजेत आहेत असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मग एका सकाळी ते स्टेशनाजवळ भाजी घेताना खाली बसले. गोळ्या दोनदा घेतल्या होत्या. त्याआधी आठवडाभर बहुतेक घेतल्याच नव्हत्या. माझा धाकटा भाऊ दिग्विजय हिंजवडीला कंपनीत आहे. त्याला दोन वर्षांसाठी अमेरिकेला जायचं होतं, महिन्याभरात. तो घाबरला, आणि घाबरला की तो इंग्रजीत बोलतो. "ताई, लेट्स बी प्रॅक्टिकल. टेस्ट करून घेऊ. खरंच मेमरी गेली असेल तर मी बाणेरला एक जागा बघून ठेवलीय. वृद्धाश्रम नाही गं, असिस्टेड लिव्हिंग. नर्स असते, लॉन असतं." बाबांना लॉनचं काय करायचं होतं कोण जाणे. पण मीही हो म्हणाले होते. चाचणीत बाबा नापास झाले तर खडकीचं घर बंद होणार, असं दोन भावंडांनी फोनवर ठरवलं होतं. बाबांना आम्ही सांगितलं होतं की बीपीचं दाखवायला चाललोय.

डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. "एका बैठकीवरून मी काही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तयारी ठेवा." परतीच्या रिक्षात बाबा उजव्या बाजूला बसले, टोपी मांडीवर. होळकर पुलाशी गर्दीत रिक्षा अडकली. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. स्वच्छ, कापलेली नखं, आयुष्यभर तपासणीला सामोरा गेलेला हात. मला त्या हाताचं इतकं प्रेम दाटून आलं की मी बाहेर बघायला लागले. "बाई बऱ्या आहेत," बाबा म्हणाले. मी शिक्षिका झाल्यापासून ते मलाही बाई म्हणतात, म्हणून क्षणभर कळेना. "कोण बाई?" "तुझ्या डॉक्टरीण. शांत आहेत. पण बोलत नाहीत हो काही. माणसानं काय समजायचं?" मी म्हणाले, "त्यांनी बोलायचं नसतंच, बाबा. तुम्ही बोलायचं." त्यावर ते म्हणाले, "मग मी बोललो की." आणि पुलावरून खाली नदीकडे बघत बसले.

घरी मी चहा टाकला. भिंतीवर तथागतांची तसबीर, खाली बाबासाहेबांची, आणि त्याखाली आता आईची. तिच्या फोटोची काच बाबांनी रोज पुसून इतकी लखलखीत ठेवली होती की आत आईऐवजी खिडकीच दिसायची. बाबांनी गोळ्यांची ताटली घेतली आणि संध्याकाळच्या गोळ्या काढू लागले. "एक," ते म्हणाले. मी गाळणं शोधत होते. शांतता. मग थोड्या वेळाने, हळू, "एक." पुन्हा शांतता. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. गोळी चिमटीत, हात ताटलीवर अधांतरी, आणि मान स्वयंपाकघराकडे वळलेली, माझ्याकडे नाही, माझ्या जराशी डावीकडे, ओट्याच्या कोपऱ्याकडे, जिथे आई पोळ्या लाटायला उभी राहायची. "एक," मी म्हणाले. का म्हणाले ते सांगता येणार नाही, तोंडातून आलं. हात खाली आला, गोळी टणकन ताटलीत पडली. "दोन," बाबा म्हणाले. "दोन." "तीन." "तीन." "साडेतीन," कारण एक अर्धी होती. "साडेतीन." "दोन सकाळच्या उरल्या." आणि माझ्या तोंडून, पंचवीस वर्षं न उच्चारलेला शब्द, "जुळलं." बाबांनी पाण्याचा पेला उचलला. माझा चहा उतू गेला.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि सगळं एकदम आठवायला लागलं, आधी वास, मग आवाज, मग अर्थ. बाबांचा डबा, त्याला येणारा कारखान्याच्या साबणाचा वास. बाबांच्या शेडमध्ये सर्जेराव नावाचे एक जुने सुपरवायझर होते, मी त्यांना पाहिलेलं नाही पण आमच्या घरात ते देवासारखे होते, म्हणजे सतत त्यांचा दाखला. त्यांच्या शेडमध्ये मनात मोजायला बंदी होती. पेट्या भरताना एकाने आकडा म्हणायचा, समोरच्याने तोच परत म्हणायचा, तेव्हाच पुढची वस्तू उचलायची. परत आलं नाही तर हात तिथेच थांबला पाहिजे. एकटा माणूस मोजता मोजता बायकोच्या विचारात जातो, पोराच्या तापात जातो, आणि दारूगोळ्यात एक आकडा चुकला की सुट्टीचा भोंगा झाला तरी शेड सुटायची नाही. शेवटी मागून म्हणणाऱ्याने म्हणायचं 'जुळलं', आणि कागदावर दोघांनी सही करायची. बाबांनी हे घरी आणलं. आईला ते सहज जमलं, ती विहारात जायची, तिथेही भन्ते पुढे आणि सगळे मागून. मग आमच्या घरात कुणी काहीच एकट्याने मोजेना. पोळ्या, धुण्याचे कपडे, दिग्विजयच्या गोट्या, माझे पाढे. बाबा सात म्हणत, मी सात म्हणे, मग ते चौदा म्हणत. अख्ख्या क्वार्टर्समध्ये संध्याकाळी असे दुहेरी आकडे ऐकू यायचे. मी गणित असं शिकले, दोन आवाजांत, आणि मला वाटायचं सगळं जग असंच शिकतं.

मग कॉलेज. पहिल्या वर्षाला सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. मी पहिली पायरी मोठ्याने म्हटली आणि वळून वर्गाकडे बघत थांबले. वर्ग माझ्याकडे बघत थांबला. सर म्हणाले, "पुढे व्हा. इथे आरती चाललेली नाही, मागून कुणी म्हणणार नाही." वर्ग खूप हसला. मीही हसले, तो हसण्याचा आवाज अजून माझ्याजवळ आहे. त्या दिवसापासून मी मनात मोजायला शिकले, ओठसुद्धा न हलवता, आणि इतकी छान शिकले की पुढे तोच माझा विषय झाला. मुलाच्या डोक्यात काय चालतं. घरी मी बाबांच्या मागून म्हणणं बंद केलं. आई म्हणायची, म्हणून त्यांना कळलं नसावं. निदान त्यांनी कधी दाखवलं नाही.

त्या आठवड्यात मी एक कॅसेट काढली. सतरा नंबर, पूर्वा, इयत्ता तिसरी, खडकीचीच शाळा. पन्नासातून चार चार काढत जा. "सेहेचाळीस," ती म्हणते, खणखणीत. मग काही नाही. टेपची खरखर, मैदानातला गलका, आणि त्या खरखरीत माझं बसणं. मला माझं न बोलणं ऐकू येत होतं. तीस सेकंद फार मोठी असतात. नंतर खुर्ची वाजते, मी म्हणते, "बरं, पुढचं उदाहरण." पाच उदाहरणं, पाचही अपूर्ण. माझ्या नोंदींवरून तिच्या शाळेने तिला जादा तासाला बसवलं होतं, हळू शिकणाऱ्यांच्या. मी शनिवारी तिचं घर शोधलं. तिचे आजोबा बाबांच्याच शेडचे निघाले, खाटेवर बसून शेंगा सोलत होते. मी पूर्वाशेजारी जमिनीवर बसले, समोर नाही, शेजारी. पन्नासातून चार. "सेहेचाळीस." "सेहेचाळीस," मी म्हणाले. "बेचाळीस." "बेचाळीस." अडतीस, चौतीस, तीस, पोरगी उतारावरून सायकल सोडल्यासारखी गेली आणि दोनावर येऊन थांबली. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही का नाही म्हणालात?" मला तिला प्रकरण दुसरं समजावून सांगता आलं नाही. मी तिची माफी मागितली आणि सोमवारी तिच्या शाळेत जाऊन तिचं नाव जादा तासातून काढायला लावलं.

रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला मी बाबांना फोन करू लागले. "हां बाई," ते म्हणायचे, आणि मग, "एक." मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असेन, बसस्टॉपवर असेन, मोबाइल कानाला लावून सकाळी दोनपर्यंत, संध्याकाळी साडेतीनपर्यंत मोजायचे. बाजूच्या बायका बघायच्या. तीन आठवड्यांत एक गोळी चुकली नाही. मी हे दिग्विजयला सांगितलं तेव्हा तो व्हिसाच्या कागदांत बुडाला होता. "ताई, हे चीटिंग आहे गं," तो म्हणाला. "तू हेल्प करतेयस. म्हणजे त्यांना येतं असं नाही, तुम्हा दोघांना मिळून येतं." मी म्हणाले, "मी काय सांगते रे त्यांना? तेच परत म्हणते. उत्तर त्यांचंच असतं." "तरी पण. सिस्टीम टेस्ट करायची तर आयसोलेट करूनच करतात. तू रिसर्चर ना? तू डेटा करप्ट करतेयस." मला राग आला, कारण महिन्यापूर्वी मीच हे वाक्य जरा शुद्ध मराठीत लिहिलं असतं. मॅडमकडे गेले तर त्या चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "मग शहाऐंशी कुणाचं? तुझ्या वडिलांचं की तुझं? ते ठरव, तुझं प्रकरण तिथे आहे." मी म्हणाले, "त्यांना चाचणीत एकट्याने म्हणावं लागणार आहे, मॅडम." मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "एकट्याने काय येतं गं माणसाला?" आणि लगेच, आपण असं बोललो हे न आवडून, "संदर्भसूची नीट कर."

बाबांना शिकवावं असंही माझ्या मनात येऊन गेलं. बाबा, समोरच्याने परत नाही म्हटलं तरी पुढे जा, एवढं सांगायचं. एका संध्याकाळी सांगितलंही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "जमेल," म्हणाले. "पण मग चुकलं तर कळणार कुणाला?" आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "सुंदरा होती तोवर हे कधी सांगावं लागलं नाही." तेव्हा मला आईची इतकी आठवण आली की मी त्यांच्या खांद्याला डोकं टेकलं. मी त्यांना नाही म्हणून सांगितलं, राहू द्या, तुमचं बरोबर आहे. बाबा खरंच थोडे विसरतात, हे मी लपवणार नाही. शेजाऱ्याचं नाव, कुलूप, दुधाची पिशवी. पण आकडे त्यांच्यातून गेले नव्हते. आकड्यांना उत्तर देणारी गेली होती.

दुसऱ्या खेपेला दिग्विजय स्वतः आला. त्याचं विमान शनिवारी होतं. बाणेरच्या जागेचा फॉर्म त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत होता, भरलेला, फक्त सही राहिलेली. बॅग उघडताना मला दिसला. मी डॉक्टरांना आधी गाठून सगळं सांगितलं, शेड, सर्जेराव, आई, फोन. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मला पटतंय," त्या म्हणाल्या, "पण चाचणी ज्या पद्धतीने घ्यायची असते त्याच पद्धतीने घ्यावी लागते. तुम्ही बसा, पण प्लीज, एक शब्द नको." मी मान हलवली. माझाच नियम होता, भिंतीवर लावलेला. बाबा खुर्चीत बसले, टोपी मांडीवर. मी त्यांच्या डावीकडे, दोन्ही हात एकमेकांत अडकवून. दिग्विजय मागे, भिंतीशी, मोबाइलवर कुणाचं तरी मेल वाचत. महिना, वार, साल, तीन वस्तूंची नावं, सगळं बरं झालं. मग डॉक्टर म्हणाल्या, "शंभरातून सात वजा करा, आलेल्यातून पुन्हा सात, मी थांबवेपर्यंत."

"त्र्याण्णव," बाबा म्हणाले.

आणि थांबले. मी ओठ दातांत धरला. एक, दोन, तीन, मी सेकंद मोजत होते, मनात, ओठ न हलवता, सरांनी शिकवलं तसं. बाबांनी डॉक्टरांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. दहा, अकरा. आयुष्यात मी कुणाशी इतकी वाईट वागले नव्हते असं मला वाटलं. सतरा, अठरा. बोलावं की न बोलावं, बोलले तर चाचणी बाद, न बोलले तर घर बंद. बाबांचा हात टोपीवरून उचलला गेला होता आणि हवेतच राहिला होता, चिमटीत काही नसताना. बावीस. डॉक्टरांनी पेन उचललं.

"त्र्याण्णव," मागून आवाज आला.

दिग्विजयने मोबाइलमधून मान वर केलेलीसुद्धा नव्हती. अंगठा बटणांवर चाललेला, डोळे पडद्यावर. त्याला आपण बोललोय हे माहीत नव्हतं, माझी खात्री आहे. लहानपणी गोट्यांच्या डबीशी बसून, अभ्यास करताना, पेंगताना, जेवताना तो असाच म्हणायचा.

"शहाऐंशी," बाबांचा हात खाली आला.

"शहाऐंशी."

"एकोणऐंशी."

आता दिग्विजयने मान वर केली. त्याने माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, त्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. मला वाटलं तो गप्प होणार. त्याच्या चेहऱ्यावरून डेटा, सिस्टीम, बाणेर, शनिवार असं सगळं एकामागून एक जाताना मला दिसलं. बाबा वळले नाहीत. ते फक्त थांबले. "एकोणऐंशी," दिग्विजय म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. बाहत्तर, बाहत्तर. पासष्ट, पासष्ट. मी थांबवेपर्यंत, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, आणि त्या थांबवत नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. सदतीसला दिग्विजय भिंत सोडून पुढे आला आणि बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तेवीस. सोळा. नऊ.

"दोन उरले," बाबा म्हणाले.

"जुळलं," दिग्विजय म्हणाला.

डॉक्टरांनी कागद जवळ ओढला, त्याच्याकडे बघितलं, मग आमच्या तिघांकडे. "आकडे तर सगळे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "पण हे मी लिहू कुणाच्या नावावर?"

बाबांना प्रश्नात अडचण काय आहे तेच कळलं नाही. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि कागदाच्या तळाशी बोट टेकवलं.

"आमच्याकडे सही दोघांची असायची," ते म्हणाले.

दिग्विजयने खिशातून पेन काढलं होतं. फॉर्मची बॅग त्याने मागे, भिंतीशीच ठेवली होती.